दोन इंजिनं, दोन नारळ

वाल्मिक मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेत वीस वर्षं कापडाचे लूम चालवून कान बधिर झाले, तेव्हा मालक भूपेंद्रशेठनी त्याला विमानतळावर आपल्या विमानाच्या राखणीला लावलं. विमान छोटंच, पण दोन इंजिनांचं. तो राहायचा त्या पर्वत पाटियाच्या गल्लीत सगळे त्याला ‘पायलट’ म्हणायचे, मेले!

सात वर्षांपूर्वी शेठच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि विमान हँगरातच उभं राहिलं. वाल्मिक मात्र दर अमावास्येला त्याची पूजा करी, लूमची करायचा तशीच. इंजिनं दोन, म्हणून नारळही दोन. पाणी वाया कशाला घालवायचं? पंखावर, इंजिनाच्या मुळाशी, तीर्थासारखं ओतायचा.

यंदा शेठनी विमान विकायला काढलं. हजिऱ्याचा एक कारखानदार तयार झाला. विमानाची चकाकी बघून तो म्हणाला, “काका, विमानाबरोबर तुम्हीही आमच्याकडेच या.” पंचावन्नाव्या वर्षी दुसरं कोण विचारणार होतं? बायकोनं, शोभाबाईनं, त्या दिवशी शेवयांची खीर केली.

मग कारखानदाराचा इंजिनियर तपासायला आला. पंखावरचं, इंजिनाच्या मुळाशी असलेलं झाकण उघडून त्यानं आत बोट घातलं. बोटाला पांढरी भुकटी लागली.

“आतली ॲल्युमिनियमची मुख्य पट्टी गंजलीय. दोन्ही पंखांत, नेमकी एकाच जागी. इथे पाणी मुरत होतं का?”

कारखानदारानं त्याच दिवशी नकार कळवला.

“शेटले काही सांगानं नही!” शोभाबाईनं घरी बजावलं. पण याला चैन कुठलं पडायला! सकाळीच जाऊन त्यानं नारळाच्या पाण्याचं सगळं सांगून टाकलं. शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, “विमान आलं त्या दिवशी पहिला नारळ तर मीच फोडलेला ने, वाल्मिक.”

विमान भंगारात गेलं. तोडायला माणसं आली. त्यांच्या मुकादमानं, बन्सीलालनं, कटर पेटवण्याआधी पिशवीतून नारळ काढला आणि वाल्मिकच्या हातात दिला. “काका, कामाची सुरुवात तुमच्या हातानं होऊ दे.”

वाल्मिक नारळ घेऊन हँगराबाहेर चालू लागला. चांगला वीस पावलं लांब गेला आणि खाली बसला.

“अहो, इतक्या लांब कुठे? इथेच फोडा की!”

“नको रे,” वाल्मिक म्हणाला. “पाणी उडालं तर खराब होईल ते.”