माउसनं मांडलेलं पान

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नगरच्या एका लहानशा कॉम्प्युटर ऑफिसात वेबची पानं बनवत असे. पानावरची प्रत्येक चौकट, प्रत्येक बटण कोड टाइप करून उभं करावं लागे. कोडमधली एक खूण टाइप करायची राहिली की सगळं पान विस्कटायचं. तिसगावसारख्या खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मला हे जमतं, याचा मनातून अभिमान होता.

माझ्या शेजारी पाथर्डीकडचा एक सहकारी बसायचा. आधी तो एमआयडीसीत पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशिनवर होता. तिथल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. बरा झाल्यावर त्याने कॉम्प्युटरचा कोर्स केला. कोड त्याला कळायचा, पण टाइप करताना तो घामाघूम होई. म्हणून साहेब त्याला बहुतेक वेळा प्रिंट काढायलाच बसवत. त्याने कधी तक्रार केली नाही.

मग साहेबांनी पुण्याहून नवं सॉफ्टवेअर आणलं. स्क्रीनच्या कडेला बटणं, चौकटी मांडून ठेवलेल्या. माउसनं उचलायच्या आणि पानावर हव्या तिथे सोडायच्या. मागचा कोड ते आपोआप लिहायचं. मला ते खेळणं वाटलं, मी दोन-चार बटणं हलवून सोडून दिलं. त्याने मात्र माउस डाव्या हाताला घेतला आणि त्या दुपारी डबा उघडायचंही विसरला.

तेव्हा एका कारखानदारांना वेबवर चौकशीचं पान हवं होतं. गिऱ्हाइकानं सुटा भाग निवडायचा, माप भरायचं आणि विचारणा पाठवायची. मी विचारलं की ते "तुम्हाला योग्य वाटेल तसं" म्हणत आणि पान तयार झाल्यावर बदल सांगत. एकदा ते आले तेव्हा मी दुसऱ्या कामात होते. त्याने त्यांना शेजारी बसवून घेतलं. ते सांगत गेले, तो चौकटी सरकवत गेला. हळूहळू त्यांनीच खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रीनवर बोट ठेवून बोलू लागले. एका बैठकीत पान ठरलं.

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. चहा घेताना मी म्हणाले, "हे असंच चाललं तर कोड शिकणार कोण?"

तो म्हणाला, "ते मला ठावं न्हाई, ताई. पन आज पहिल्यांदा वाटलं, मी हितं कामाला हाय."



पान वेबवर चढलं आणि कारखानदारांचा फोन आला. त्यांच्या एका गिऱ्हाइकाकडे सगळ्या चौकटी एकमेकींवर चढल्या होत्या. त्याचा ब्राउझर वेगळा होता. माझ्या सहकाऱ्याचा चेहरा उतरला. आम्ही मागचा कोड उघडला. माणसानं लिहिला नसता इतका लांबलचक, तेच ते पुन्हा पुन्हा सांगणारा. मी ओळी वाचत होते आणि कुठली ओळ कुठल्या चौकटीची, हे तो सांगत होता, कारण मांडणी त्याची होती. सॉफ्टवेअरनं प्रत्येक चौकट ठरावीक जागी खिळवून टाकली होती. आम्ही ती मोकळी करून ओळी-रकान्यांच्या तक्त्यात बसवली. ऑफिस बंद व्हायच्या आत पान दोन्हीकडे नीट दिसू लागलं.

त्यानंतर कामाची वाटणी आपोआप झाली. लोकांना शेजारी बसवून पान मांडायचं ते त्याने. मागचा कोड साफ करायचा तो मी. मला वाटायचं, पान बनवणं म्हणजे कोड लिहिणं. पण ज्याच्यासाठी पान बनतंय त्याला ते बनताना दिसणं, हेही कामच होतं, आणि इतके दिवस ते आमच्याकडे कुणीच करत नव्हतं.

पुढे साहेबांनी शिकवणीचा वर्ग काढला आणि तो त्याच्याकडे सोपवला. तो मुलामुलींना आधी माउसनं पान मांडायला लावायचा. ती खूश झाली की मागचा कोड उघडून दाखवायचा आणि मला हाक मारायचा. मग आम्ही दोघं मिळून ओळ न् ओळ वाचून दाखवत असू.