नव्यासारखा लॅपटॉप

आमच्या शेजारच्या विजयमालावहिनींना कुणी हळवी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. भिंगारच्या शाळेत जन्मभर वांड पोरांना गणित शिकवलं त्या बाईने! मार्तंडभाऊजी गेले तेव्हासुद्धा आल्यागेल्याचं सगळं स्वतः पाहिलं.

फक्त दुपारी जेवण झालं की त्या भाऊजींचा मोबाईल कानाला लावून बसायच्या. त्यात प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड व्हायचा. बोलणं तरी काय, बाजारातलं! "अगं, मेथी बरी दिसतेय. घेऊ का?" त्यावर वहिनी, "घ्या, पण निवडायला तुम्हीच बसायचं." मग भाऊजी हसायचे. त्या हसण्यासाठी वहिनी सकाळपासून दुपारची वाट बघायच्या.

वर्षश्राद्ध आलं. गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू देऊन टाकायच्या, नाहीतर जीव घुटमळतो म्हणे. छत्री दिली, चपला दिल्या, आणि वहिनी हट्टाला पेटल्या की मोबाईलही द्यायचा. "माझ्यापायी त्यांना अडकवून ठेवू?" म्हणाल्या. म्हणून लेकीने, निवेदिताने, नगरच्या एका दुकानातून लॅपटॉप आणला. रिफर्बिश्ड, म्हणजे जुनाच, झाडूनपुसून पुन्हा विकायला ठेवलेला. "एकदम नव्यासारखा, डोळे झाकून घ्या," दुकानदार म्हणाला. आणि घेतला की हो डोळे झाकून! सगळे फोन त्यात भरले, मोबाईल पुसून कोरा केला आणि एका गरजू नातेवाइकाला देऊन टाकला. एवढी शिकलेली पोर, पण आणखी कुठे एक प्रत ठेवावी हे तिलाही सुचू नये?

दिवाळीच्या आत लॅपटॉप टकटक करायला लागला आणि एका दुपारी बंदच पडला. मी वहिनींबरोबर दुकानात गेले. तिथे उघडल्यावर कळलं, बाहेरून चकचकीत, पण आतली हार्डडिस्क कुठल्याशा कचेरीत वर्षानुवर्षं राबून झिजलेली.

"दुसरी टाकून देतो ना, फुकट," मेला हसत म्हणाला.

"अहो, आतलं परत द्या!" मी ओरडलेच.

"आतल्याची गॅरंटी नसते, मावशी."

जुनी हार्डडिस्क पुण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवून पाहिली. त्यांनीही हात टेकले. मोबाईलमधूनही काही निघालं नाही. लॅपटॉप मात्र आता झकास चालतो. वहिनी त्याला हातही लावत नाहीत.

परवा त्यांच्याकडे बसले होते. धीर द्यावा म्हणून म्हटलं, "वहिनी, तुम्हाला तर सगळं पाठच असेल."

"शब्द न् शब्द," त्या म्हणाल्या, आणि दोन-चार फोन म्हणूनही दाखवले. मग एकदम थांबल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरून आले.

"पण अहो, आता ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. यांचा आवाज कसा होता, तुम्हाला आठवतो का हो?"

मला चांगला आठवतो. पण तो त्यांच्या कानात घालू कसा?