दोन घुम्यांमधली वीज

माझी नात प्रयोगशाळेत काम करते. काल तिनं डबीतून नखाएवढी चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"आबा, यात दोन ऑक्साइडं, चिनीमातीसारखी, एकावर एक बसवलीत. एकेकटी घेतली तर एकातूनही वीज जात नाही. पण जिथं ती चिकटतात, तिथल्या केसाहूनही पातळ थरातून जाते."

"थापा मारू नकोस. जन्मभर वायरमन होतो मी. चिनीमातीला चिनीमाती लावून वीज वाहते होय?"

"वाहते! मी रोज मोजते."

चकती उजेडात धरली. जोड काही दिसला नाही. हिची आजी आठवली. तिला जाऊन सहा महिने झाले. आम्ही दोघंही घुमे. गल्लीतले म्हणायचे, दोन दगडांचा संसार. संध्याकाळी ओट्यावर ती शेंगा सोलायची, मी वायरी सोलायचो. तासभर शब्द नाही. तरी दोघांमधून काहीतरी वाहत होतं. मला तेव्हाही कळत होतं. तिला मात्र कधी सांगितलं नाही.

"आणि वेगळी केली तर गं?"

"मग नाही जात, आबा."

मी आजही गप्पच असतो. पण तेव्हाचं गप्प बसणं दोघांचं होतं. आता घरात फक्त आवाज नसतो, एवढंच.