एका पायाखाली दोन पेडलं

सुट्टीचा वार. उद्यमनगरातली शटरं खाली आहेत, आणि आक्काताई पोवार आपल्या वर्कशॉपात लेथशेजारी पोतं अंथरून आडवी झाली आहे. गिटार उशाशी, पाय दाराकडे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती स्वतःला बजावते.

उशाशी आहे ते नवऱ्याचं, रंगरावांचं, खूळ. कुशीत धरायची गिटार नव्हे ही. चार पायांवर आडवी, लहान टेबलासारखी. दहा तारा. डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा, उजव्या हातानं छेडायचं. खाली पेडलं. पेडल दाबलं की सळई ओढली जाते आणि ठरलेली तार ताणून वरच्या सुरावर जाते. रंगरावांनी चौकट केली, तारा चढवल्या आणि पेडलांपर्यंत पोचायच्या आधी गेले. त्याला आता दुसरं वर्ष. उरलेलं आक्काताईनं केलं. लेथ तिलाही चालतो, आणि कुठलं पेडल कुठली तार ओढणार ही जेवणावरची बडबड तिच्याशिवाय ऐकली कुणी होती? त्यांना आठ पेडलं हवी होती. जागा तिनाचीच निघाली. तीन लोखंडी दांडके, पाय घसरू नये म्हणून त्यांवर बारीक चौकड्यांचं नर्लिंग.

काल एलिया समुद्रे येऊन वाजवून गेले. ऑर्केस्ट्रातले रंगरावांचे जोडीदार. रविवारी चर्चमध्ये, एरवी जत्रांमध्ये हवाईयन गिटार वाजवतात. त्यांनी तिन्ही पेडलं दाबून बघितली, खाली वाकून पाहिलं, दांडा रुमालानं पुसला.

"वाजतंय की, वहिनी. पण..."

ते शटराकडं वळले.

"उद्या येतो. नेतो, नाहीतर तसं सांगतो."

'तसं' म्हणजे काय ते तिला कळलं. हे वाद्य हातात धरणारा दुसरा माणूस तिच्या ओळखीत नाही. एलियांनी नेलं नाही, तर पाना घेऊन सगळं सुटं करायचं आणि सळया भंगारात टाकायच्या, असं तिनं ठरवलंय. पुन्हा जोडायचं बळ तिच्यात नाही. पाना बाहेर काढूनही ठेवलाय, लेथवर.

पण चुकलं कुठं? पहिलं पेडल, प चा ध. दुसरं, ग चा म. तिसरं, सा चा

"सा कशाला हलवलीस?"

रंगराव स्टुलावर बसलेले आहेत. वर ऑर्केस्ट्राचा चमकीचा कोट, खाली वर्कशॉपची तेलकट खाकी.

"कधी आलासा?" आक्काताई विचारते.

"चहा टाक की."

"वीज न्हाई."

"चहाला वीज कशाला लागती?"

हे बरोबर आहे. ती स्टोव्हकडं वळते आणि स्टोव्ह जत्रेच्या मैदानात आहे. समोर स्टेज, पेट्रोमॅक्स, माणसं मांडी घालून बसलेली. सगळ्यांच्या पायांत एकेकच चप्पल. कुणालाच त्याचं काही वाटत नाही. लेथसुद्धा आलाय, प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत.

रंगराव गिटारमागं बसून दांडा तारांवर सरकवतात. सगळे सूर एकदम वर जातात, एकदम खाली येतात, मेंढरांसारखे.

"बघ. सगळ्या तारा एकदम हलवायच्या असल्या तर हातात दांडा हाय. त्याला पेडल कशाला?"

"मग पेडल कशाला?"

"एक तार हलावी आणि दुसरी जाग्यावर ऱ्हावी, त्याला पेडल. जे हाताला जमतंय ते पायाला सांगायचं न्हाई."

"मग तुम्ही आठ कशाला मागत हुतासा? रोज जेवताना एक नवं!"

"ती तोंडाची हौस. तोंडाला काय, सळया बसवायला लागत न्हाईत."

ती हसत नाही. तिला कामाचं विचारायचंय आणि चहा उतू जातोय.

"तीनच बसली," ती म्हणते. "प, ग, सा. चुकीची निवडली का?"

"पहिली दोन बरोबर. सा सोडव. घरातलं एक माणूस तरी जाग्यावर पाहिजे."

"आणि एलियाभावजी 'पण' म्हणून थांबले ते?"

रंगराव डावा हात वर करतात. पाची बोटं आहेत.

आक्काताई बघत राहते. त्या हाताला तीनच असायची. वर्कशॉपात पत्रा दाबायचे दोन लहान प्रेस शेजारी शेजारी होते, दोन्हींची पेडलं लगत. एके दिवशी रुंद बुटाखाली दोन्ही दाबली गेली. एक प्रेस रिकामा खाली आला, दुसरा बोटांवर. त्या हातानं साधी गिटार पुन्हा धरता आली नाही. आडवी घेतली ती तेव्हापासून, कारण दांडा तीन बोटांतही राहतो.

"बोटं आली व्हय?"

"हिकडं देत्यात. सगळ्यांना. दातबी."

आता ती भिंतीसमोर उभी आहे. स्टेज नाही, भिंत, स्वतःच्या वर्कशॉपची, पण आकाशाएवढी उंच. भिंतीवर लाल ऑइलपेंटची अक्षरं. दवाखान्यातून आल्यावर रंगरावांनी उजव्या हातानं रंगवलेली:

एका पायाखाली एकच पेडल.

त्या दिवसापासून वर्कशॉपचा हाच कायदा. दोन पेडलांत दीड वीत अंतर. कामगार येवो, पाहुणा येवो, आधी भिंत वाचायची. आणि गिटारची पेडलं बसवताना आक्काताईनं हात आपोआप पसरून मोजलं होतं. दीड वीत.

"अगं, ते प्रेससाठी," रंगराव म्हणतात. ते भिंतीच्या आतून बोलतायत की मागून, कळत नाही. "ही काय कुणाची बोटं तोडणार हाय?"

"मला काय ठावं? तुम्ही लिहिलं, मी पाळलं."

"मेल्यावर पाळायला लागलीस व्हय! जित्ता हुतो तवा एक ऐकलं न्हाईस."

"ऐकण्यासारखं बोलला असता तर ऐकलं असतं."

"बरं. आता ऐक. ही दोन लगत आण. एका पावलाखाली दोन्ही आली पाहिजेत."

"एका पायानं दोन कशी दाबायची?"

"घागर कमरेवर घेतीस तवा पाऊल कसं कलतंय?"

आणि ती नळावर आहे. घागर भरलेली, डाव्या कमरेवर. पाऊल बाहेरच्या कडेवर कलतं, वजन हळूहळू तिकडं जातं. पायाखाली फरशी नाही, चौकड्यांचं लोखंड आहे. आधी एक खाली जातं. पाऊल आणखी कलतं, दुसरंही जातं.

सूर आधी सा, ग, प असतात. आता ग उचलून म होतो, प उचलून ध होतो. सा तिथंच. सगळं घर दुसऱ्या जागी गेलं आणि मधला खांब हलला नाही, असा आवाज. आक्काताईनं हा आवाज कधी ऐकलेला नाही, तरी जेवणावरची सगळी बडबड याचीच होती हे तिला कळतं.

"सोड," रंगराव म्हणतात.

ती पाऊल सरळ करते. घर परत येतं.

"पुन्हा."

ती पुन्हा दाबते. पाण्याचा एक थेंब हलत नाही.

"पाय दुखायला लागला," ती म्हणते.

"दुखू दे. खूण ऱ्हाईल."

"अहो, तो चहा..."

नळ वाजायला लागतो. पत्र्यासारखा. धाड, धाड,

शटर.

"वहिनी? हाय का कोण आत?"

आक्काताई उठून बसते. पोतं, लेथ, लेथवरचा पाना. भिंत नेहमीएवढीच आहे, अक्षरंही. गिटार उशाशी, पाय दाराकडे, मध्ये तिच्या उंचीएवढं अंतर. डावा तळवा चुरचुरतोय.

पाय मांडीवर घेऊन ती शटरच्या फटीतल्या उजेडाकडं वळवते. चवड्यावर दोन उभे पट्टे आहेत, लालसर, शेजारी शेजारी. दोन्हींत नर्लिंगच्या बारीक चौकड्या उमटलेल्या. हात लावला की कळतात. आंगठ्याकडचा पट्टा आताच फिका पडायला लागलाय.

ती बसल्या बसल्या सरकते आणि खणातून व्हर्नियर ओढते.

शटर अर्धं वर जातं. एलिया समुद्रे वाकून आत बघतात. तोंडावर रस्ताभर जुळवलेलं वाक्य. "वहिनी, मी काय म्हणत होतो..."

"थांबा, भावजी. माप घ्यायला लागलोय."

"पायाचं?"

ती व्हर्नियरचा एकेक जबडा एकेका पट्ट्याच्या मध्यावर टेकवते, श्वास धरते आणि बारका स्क्रू आवळून माप पक्कं करते. मग पाऊल खाली ठेवते. आता खुणा पुसल्या गेल्या तरी चालेल.

"तो पाना घ्या," ती म्हणते. "आणि सा ची सळई सोडवा. तोवर मी ही दोन जवळ आणतो."