सोयाबीन यायच्या आत गाडी

दिलीपच्या वेल्डिंगच्या टेबलाखाली लोखंडाचे तुकडे साठतात. फेकून दे म्हटलं की तो म्हणतो, "ऱ्हाऊ द्या सर, कुठं तरी लागंल." आमच्या गाडीच्या किश्शांचं तसंच झालंय. चहाला बसलं की कुणी ना कुणी एखादा उचलतो आणि तो कुठं तरी बरोबर बसतो!

आम्ही म्हणजे तिघं. दिलीप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. परंड्याबाहेर शेतातच त्याचं घर आणि घराशेजारी पत्र्याचं शेड. पाशाभाई मोटार मिस्त्री. आणि मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे या कामात अगदीच बिनकामाचा.

उन्हाळ्यात दिलीपनं मोबाईलवर पाहिलं, की लोक घरीच गाडीचा चेसिस बनवतात, त्यावर जुन्या गाडीचं इंजिन बसवतात आणि मजेत फिरतात! रस्त्यावर न्यायची नव्हतीच, शेतातल्या वाटेवर फिरवली तरी बास. मला म्हणाला, "वीस वर्सं दुसऱ्याच्या मागं लावायच्या ट्रॉल्या केल्या सर. माझ्या हातची एक तरी वस्तू सोताहून चालली पायजे." हे ऐकून मी तिथंच विरघळलो, खोटं कशाला सांगू?

दिलीपची बायको, मंगल वहिनी, काही विरघळल्या नाहीत. शेती त्याच बघतात, ट्रॅक्टरही त्याच चालवतात. म्हणाल्या, "शेड सोयाबीनचं हाय. सोयाबीन घरी यायच्या आत तुमची गाडी सोताच्या इंजिनावर भायेर गेली, तर ऱ्हाईल. न्हाय तर भंगारवाला हायेच!"

*

दिलीप कागदावर काही काढत नाही. शेडातल्या जमिनीवर चुन्यानं पूर्ण मापाचं चित्र काढतो आणि त्यावरच पाईप मांडतो. दोन दिवस गुडघे टेकून त्यानं गाडी काढली. सीट, स्टिअरिंग, पेडलं, सगळं!

तिसऱ्या दिवशी अमावास्या. वहिनींनी पहाटे अंगण झाडलं, शेड झाडलं आणि सवयीनं दोन्हीकडं सडा मारला. गाडी गेली वाहून!

दिलीप डोक्याला हात लावून बसला. वहिनी म्हणाल्या, "त्यात रडण्यासारखं काय हाय? आणा चुना." आणि चिमटीत चुना धरून अर्ध्या तासात अख्खी गाडी पुन्हा काढली. आम्ही बघतच राहिलो. म्हणाल्या, "रोज दारात रांगोळी काढणाऱ्या बाईच्या ध्यानात चार रेघा ऱ्हात न्हाईत व्हय?"

दिलीप चित्राभोवती दोनदा फिरला. चूक काही सापडली नाही. उलट रेघा त्याच्यापेक्षा सरळ होत्या!

*

आता ट्रॉलीवाल्यानं केलेला चेसिस! पाईप जाड, पट्ट्या जाड, वेल्डिंग तर असं की बघून घ्या. पाशाभाईंनी एका टोकाला धरून उचलायला बघितलं आणि खाली ठेवून दिलं.

"दिलीपभाऊ, इसमें बैठना है क्या ऊस भरना है?"

मग आमचं लक्ष मागच्या बाजूला गेलं. तिथं ट्रॉलीचा हूक! हाताला सवय, नकळत लावून मोकळा झाला होता.

"असू द्या," दिलीप म्हणाला, "बंद पडली तर वढायला हुईल."

"अरे, पण हूक मागं आहे!"

"मग उलटी वढू."

*

एकदा वेळ वाचावा म्हणून मी स्वतः चार पाईपांवर खुणा केल्या. दोनदा मोजून! पाशाभाईंनी कापले. चारही दोन-दोन इंच कमी भरले.

दिलीप हळहळला. "सर, आपल्या टेपाचं पुढचं टोक तुटलंय. त्यात दोन मिळवायचे असत्यात. सगळ्यांना म्हाईत हाय!"

"मग नवा टेप का नाही घेत?"

"घेतलावता. त्याच्यात सगळं चुकाय लागलं."

*

तर असा मी आधीच बदनाम. त्यात पाशाभाईंनी आणलेलं जुनं इंजिन बसवलं, सीट बसवली, स्टिअरिंग बसवलं, पेडलं पक्की वेल्ड केली आणि दिलीप ऐटीत जाऊन बसला. गुडघे स्टिअरिंगला! पेडलं वीतभर अलीकडं आली होती.

दोघांनी माझ्याकडं पाहिलं.

"अहो, माझी चूक दोन इंचांची असते! वीतभर कशी होईल?" पण ऐकतो कोण? पाशाभाई म्हणाले, "सरजी, तुम आज से सिर्फ चाय बनाव."

सगळं कापून पुन्हा जोडायला आठ दिवस लागले असते. आणि शेतातून मळणी यंत्राचा आवाज यायला लागला होता.

*

दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि वहिनी ट्रॅक्टर घेऊन शेडाच्या दारात हजर. मागं ट्रॉलीभर सोयाबीनची पोती!

पाशाभाईंनी घाईघाईनं वायरी जोडल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं! दिलीपच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

पण क्लच दाबायचा कसा? दिलीपचा गुडघा अडकला, गाडी एक धक्का खाऊन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. पाशाभाई बसले, तर त्यांचं पोटच आडवं आलं. मला फक्त स्कूटी येते. पावसाचे थेंब पत्र्यावर वाजायला लागले.

वहिनी ट्रॅक्टरवरून उतरल्या. दिलीपची मान खाली. भंगारवाल्याचा नंबर माझ्याच मोबाईलमध्ये होता, मी मोबाईल गुपचूप खिशात घातला.

"सरका," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला आणि सीटवर बसल्या. पाय अलगद क्लचवर पडला. हात सरळ स्टिअरिंगवर. इंजिन सुरू झालं, गिअर पडला आणि गाडी एकही धक्का न खाता ट्रॉलीच्या बाजूनं शेडाबाहेर!

दिलीप मागं धावला. "अगं, सांभाळून! ते पेडल लई जवळ आलंय!"

वहिनींनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"कुठं जवळ हाय? म्या चुन्यानं काढलंवतं तितंच तर हाय! तुमी तिघं पोती उतरवा, म्या हिरीपत्तोर जाऊन येते!"