मधल्या बंद घराची किल्ली

श्रावण वद्य नवमी, गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस. गच्चीवर हजर: मी, नवरा, पलीकडच्या घरातल्या बेन, त्यांचे पती. काका: हजर धरलेले.

ही हजेरी मी दुपारी मनातल्या मनात घेतली आणि संध्याकाळपर्यंत ती बरोबर आहे असंच समजून चालले. तो दिवस मला अजूनही नीट क्रमाने आठवत नाही. एरवी मला क्रम लावता येतो. वाघोडियाच्या एका कारखान्यात मालाची आवक-जावक मी बघते. कुठली वस्तू कुठे आहे हे विचारल्याबरोबर सांगायचं, हेच माझं काम. पण त्या दिवशी पाऊस थांबल्यावर पाणी आलं की पाणी आल्यावर पाऊस थांबला, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

आमची ओळ चार घरांची, बडोद्यात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. टोकाला काकांचं बैठं घर. त्यांचा वरचा मजला बांधायचा राहून गेला. मग आमचं. मग एक बंद घर, ज्याचे मालक अमेरिकेत असतात आणि एखाद्या हिवाळ्यात उंधियू खायला येतात. त्यापलीकडे बेनचं. आमची, बंद घराची आणि बेनची अशा तीन गच्च्या एकमेकींना लागून आहेत, मध्ये फक्त कमरेएवढ्या भिंती.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. सकाळचा चहा आणि दुपारचं जेवण आमच्याकडे, संध्याकाळची खिचडी-कढी बेनकडे. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं, होत गेलं. "दिवसा मराठी, रात्री गुजराती," असं ते स्वतःबद्दल सांगायचे, आणि बेनच्या कढीत साखर जास्त असते ही तक्रार रोज दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नोंदवायचे. माझ्या आमटीबद्दल ते तिकडे काय बोलायचे, ते बेननी मला कधी सांगितलं नाही.

बंद घराची किल्ली काकांकडे असायची. दुपारची झोप झाली की ते घर उघडायचं, पंखे फिरवायचे, नळ सोडून बघायचा, वाळवी लागली का पाहायचं, हा त्यांचा नेम. त्या वेळात ते आमचे नसत आणि बेनचेही नसत.

मागच्या पुरातून आम्ही शिकलो होतो. कागदपत्रं आणि औषधं वरच्या मजल्यावर, फ्रिज टेबलावर, मुख्य स्विच बंद, गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधलेला. मागच्या वेळी स्कूटर वाहत जाऊन कोणाची कुठे ते कळेना, म्हणून या खेपेला सगळ्या गाड्या एकमेकींना दोरीने बांधल्या. हे सगळं मी करून घेतलं, वेळेत करून घेतलं, आणि काका जेवून हात पुसत म्हणाले, "झालं ना? आता पाण्याला सांग, या म्हणावं."

पाणी आलं ते नदीच्या बाजूने नाही. आम्ही पुढच्या रस्त्याकडे डोळे लावून उभे होतो आणि ते मागून, गटाराची झाकणं उचलून आलं. आकाश उघडलं होतं. ऊन पडलं होतं. फोनवर कोणी सांगत होतं, वरच्या सरोवराचं पाणी सोडलंय; कोणी सांगत होतं, सोडणं बंद केलंय; शहराच्या दुसऱ्या भागात, गोत्रीला राहणारी माझी नणंद विचारत होती, "अगं, आमच्याकडे तर ऊन आहे, तुमच्याकडे पूर कसा?" आमच्याकडेही ऊन होतं.

तळमजला गेला तसे आम्ही गच्चीवर आलो. बेन त्यांच्या गच्चीवर आल्या. मधे बंद घराची रिकामी गच्ची. त्यावरून आम्ही ओरडून बोलत होतो: मेणबत्त्या आहेत का, पिण्याचं पाणी किती, नदीतली मगर खरंच दिसली की टायर होतं. काकांचं घर अर्ध्याहून जास्त बुडालेलं दिसत होतं. ते बेनकडे आहेत हे मी धरून चालले, कारण आमच्याकडे नव्हते. बेननी तेच उलट्या बाजूने धरलं होतं.

मधल्या बंद घरातून अधूनमधून धप्प धप्प आवाज येत होता. नवरा म्हणाला, "सिलिंडर सुटलाय त्यांचा. तरंगतोय." बेनचे पतीही तेच म्हणाले. मी मान हलवली. आमचा आम्ही बांधला होता, त्यांचा बांधायला कोणी नव्हतं. मला ते पटलं.

दिवस मावळायला आला तशी बेननी गच्चीवरच छोट्या शेगडीवर खिचडी टाकली. आणि शिजल्यावर, रोजच्यासारखं, भिंतीशी येऊन काकांना पाठवायला सांगितलं, "भाभी, काकाने मोकलो. खिचडी थई गई."

मी म्हटलं, "बेन, काका तुमच्याकडेच आहेत ना?"

दोघींनी एकदमच काकांच्या घराकडे पाहिलं. तिथे दाराची फक्त वरची चौकट पाण्याबाहेर राहिली होती.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नवरा खाली जिन्यात उतरून छातीभर पाण्यात गेला आणि मी त्याला परत बोलावलं. की मी आधी बोलावलं आणि तो तरीही गेला. बेनचे पती कोणाला तरी फोनवर पत्ता सांगत होते आणि पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा लँडमार्क विचारत होता. "पाणी! लँडमार्क पाणी आहे!" ते ओरडले. मी स्वतः काय करत होते? मला वाटतं, मी टॉवेलांच्या घड्या घालत होते.

बेन मात्र भिंतीशी उभ्या राहिल्या आणि रोज जेवायला बोलावताना ज्या आवाजात हाक मारतात त्याच आवाजात त्यांनी हाक मारली, "काका! चालो जमवा!"

धप्प धप्प. बंद घरातून.

त्यांनी परत हाक मारली. परत धप्प धप्प, आणि या वेळी लागोपाठ, चिडल्यासारखं.

नवरा भिंत ओलांडून मधल्या गच्चीवर गेला. तिथल्या दाराला कुलूप. बेनचे पती म्हणाले, "एक मिनिट, अमेरिका फोन करीने पूछी लईए. पारकुं घर छे."

"फोन पछी!" बेन म्हणाल्या. "पहेलां ताळुं तोडो!"

पहार आमच्याकडे होती. गच्चीचं दार तुटलं, माणसं आत उतरली, मीही मागून गेले. वरच्या मजल्याच्या जिन्याला अर्ध्यावर, वळणापाशी लोखंडी जाळीचं दार होतं. मालकांनी त्याला कुलूप लावून किल्ली स्वतःबरोबर नेली होती, कारण वर त्यांचं कपाट होतं. त्या जाळीपलीकडे, सर्वांत वरच्या पायरीवर काका बसले होते. हातात तवा. खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. त्यांचे पाय पाण्यात होते.

नवऱ्याने कुलपावर पहिला घाव घातला तेव्हा काका म्हणाले, "हळू. दाराला पोचा पडेल."

ते नेहमीसारखे आत गेले होते. पाणी येतंय म्हटल्यावर मालकांचा सोफा उचलून टेबलावर ठेवायला लागले, एकट्याने. बाहेर पडायला गेले तर पुढचं दार हलेना. दोरीने बांधलेला आमच्या गाड्यांचा गठ्ठा पाण्याबरोबर सरकत येऊन त्या दाराच्या बाहेरच्या जाळीला टेकला होता. त्यांनी हाका मारल्या. खिडक्या बंद, धूळ येऊ नये म्हणून कडांना कागद चिकटवलेले. ते कागद त्यांनीच चिकटवले होते. मग त्यांनी स्वयंपाकघरातून तवा घेतला आणि जिन्यावर चढून भिंतीवर वाजवत बसले.

"एवढा वेळ वाजवतोय," गच्चीवर टॉवेलात बसून ते म्हणाले. "तुम्हाला काय, आरती वाटली?"

"सिलिंडर वाटला," नवरा म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बेनच्या खिचडीची ताटली पुढे ओढली. चमचा दोनदा त्यांच्या हातातून निसटला, मग बेननी भरवलं. कढी नव्हती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पाणी उतरल्यावर सगळ्या बडोद्याने जे केलं ते आम्ही केलं. चिखल ओढला, गाद्या रस्त्यावर टाकल्या, फुगलेली दारं रंधा मारून घेतली. काकांच्या घराच्या भिंती अजून ओल धरून आहेत. पूर का आला, यावर ओळीतल्या प्रत्येकाचं वेगळं उत्तर आहे. बेनचे पती म्हणतात सरोवर. नवरा म्हणतो, नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, मलब्याने बुजवल्या, पाण्याने जायचं कुठे? काका म्हणतात, पाऊसच तसा होता. मी प्रत्येकाचं ऐकते आणि प्रत्येकाचं खरं वाटतं. त्यातलं कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मला लावता येत नाही.

जे करता येण्यासारखं होतं ते केलं. गाड्या आता वेगवेगळ्या खांबांना बांधायच्या. प्रत्येक घरात शिट्टी. हजेरी घरागणिक घ्यायची नाही, माणूस डोळ्यांनी बघून घ्यायची. अमेरिकेला फोन झाला. मालकांनी काकांची खूप चौकशी केली, मग सोफ्याची. जिन्याच्या जाळीचं कुलूप कायमचं काढून टाकायला ते हो म्हणाले. पुढच्या दाराला नवीन कुलूप बसवलं.

त्याची किल्ली माझ्याकडे आहे. काका रोज दुपारची झोप झाली की आमच्या दारात येतात. "बंद घराला हवा लागली पाहिजे," म्हणतात. मी म्हणते, "आणते हं, चला, मीही येते." मग आम्ही दोघं जातो, पंखे फिरवतो, नळ सोडून बघतो. बाहेर पडताना ते हात पुढे करतात आणि मी किल्ली माझ्या पर्समध्ये टाकते.

"मी काय पार्सल आहे का, सही घेऊन सोडायला?" परवा ते म्हणाले.

मी कारखान्यातून येईपर्यंत ते आमच्या पायरीवर बसून माझी वाट बघतात, असं बेन सांगतात. दुसरी किल्ली करून त्यांना द्यायची, असं मी पुन्हा पुन्हा ठरवते. चावीवाल्याचं दुकान माझ्या वाटेवरच आहे. किल्ली अजून एकच आहे.