आवाज आतल्या खोलीत गेला

घशाच्या कर्करोगात मामाची स्वरपेटी काढली, तेव्हा तो बुरोंडी गावात घरच्याच बोटीवर तांडेल होता. सगळ्या खलाशांचा प्रमुख. वाऱ्यावर चार बोटी पलीकडे ऐकू जाईल असा त्याचा आवाज. तो आवाज गेला. गळ्याला भोक पडलेल्या माणसाने पाण्यावर जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यामुळे समुद्रही गेला.

मी रत्नागिरीहून माझा जुना लॅपटॉप त्याला नेऊन दिला. त्यावर मराठीत टाइप केलं की यंत्र ते मोठ्याने वाचून दाखवायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा. मामाने दोन बोटांनी पहिलं वाक्य टाइप केलं, "चा दे." मामी हसली आणि मग पदराने डोळे पुसत आत गेली.

संगणकातला आवाज कुठून बाहेर पडावा हे ठरवणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्यावर मी घरी बसून काम करते. ते कुणा कंपनीच्या मालकीचं नाही. वेगवेगळ्या देशांतले आम्ही थोडे जण ते सांभाळतो, आणि ते कुणीही फुकट वापरावं, दुरुस्तही करावं. मामाच्या लॅपटॉपवरही तेच होतं. त्या उन्हाळ्यात आमच्यात वाद चालू होता. नवीन स्पीकर जोडला गेला तर आवाज आपोआप तिकडे जावा, की आहे तिथेच राहावा आणि माणसाला आधी विचारावं? जुनी रीत आपोआप जाण्याची होती. मी दोन्हीकडचं म्हणणं वाचत होते. मत अजून दिलं नव्हतं.

बोट मामाची आणि त्याच्या दोन भावांची, तिघांत मिळून. मामा उतरल्यावर ती चालवणं जमेना, म्हणून विकायचं ठरलं. हर्णैचे एक गृहस्थ बोलणी करायला आले, त्या दिवशी मी बुरोंडीतच होते. पडवीत चटया टाकल्या होत्या. मामा भिंतीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. भाऊच बोलत होते. बोट त्यांनी सकाळी दाखवली होती, इंजिनाचंही बोलणं झालं होतं.

शेवटी थोरला भाऊ मामाकडे वळला. "तुझं काय म्हणणं?"

मामा टाइप करू लागला. सगळे थांबले. त्याने बटण दाबलं आणि मान वर करून हर्णैच्या गृहस्थांकडे पाहिलं.

काहीच ऐकू आलं नाही.

त्याने पुन्हा दाबलं, मग पुन्हा. तो अजून लिहितोय असं मला वाटलं. थोरला म्हणाला, "त्याची काय ना नाय. बोलायचं असतं तर बोलला असता." गृहस्थांनी हात पुढे केला, भावांनी तो धरला. धाकट्याने व्यवहार पक्का झाल्याचा नारळ आणून त्यांच्या हाती दिला. मामाचं बोट अजून बटणावरच होतं. तेव्हा कुठे मी उठून त्याच्याजवळ गेले.

तेवढ्यात मामी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "अगो, हे आत बोलतायत," ती मला म्हणाली. "फळीवरनं आवाज येतोय. तीन वेळा तेच."

मामा-मामीची मुंबईची मुलगी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर देऊन गेली होती. तो आतल्या खोलीत फळीवर असायचा. फळी पुसताना मामीचा हात लागून तो चालू झाला, लॅपटॉपने त्याला ओळखलं आणि मामाचा आवाज कुणालाही न विचारता आत नेऊन ठेवला. ठरवून दिल्याप्रमाणेच सगळं झालं होतं. बिघाड कुठेच नव्हता.

मी आवाज परत लॅपटॉपवर आणला. मामीला विचारलं, "काय म्हणत होता?"

"बोट घ्या, पण माझे दोन खलाशी बोटीवर ठेवा."

गृहस्थ चहाला न थांबता उठले होते, पण अजून अंगणातच चपला घालत होते, भाऊ त्यांच्याजवळ उभे होते. "मामा, मी सांगते त्यांना," मी म्हणाले. त्याने माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने सावकाश टाइप केलं. या वेळी आवाज आला, पण ऐकायला मी आणि मामीच होतो.

"नारळ दिला, बाय. आता शब्द फिरवायचा नाय."

नव्या मालकाने आपली माणसं आणली. मामाच्या त्या दोन खलाशांपैकी एक मिरकरवाड्याला दुसऱ्याच्या बोटीवर गेला. दुसरा मुंबईला एका इमारतीत वॉचमन झाला. पोहणारा, जाळं विणणारा माणूस. गावाकडे आला की मामाच्या पडवीत बसून जातो.

रत्नागिरीला परतल्यावर मी मत दिलं, आवाज आहे तिथेच राहावा म्हणून. एका सहकाऱ्याने लिहिलं, बहुतेकांना नवा स्पीकर लावला की तिकडेच आवाज हवा असतो, आणि तुझ्या मामाला सेटिंग बदलता येतं की. ते खरं होतं. मी उत्तर दिलं, की बदलता येतं हे त्याला कळेपर्यंत पडवीतली माणसं उठलेली असतात. बहुतेकांना एकदा जास्तीचं बटण दाबावं लागेल, आणि त्याला जे सोसावं लागलं ते परत भरून येत नाही.

वाद बरेच दिवस चालला. अखेर मधला मार्ग निघाला. लिहिलेलं वाचून दाखवण्याची सोय चालू असेल तर आवाज जागचा हलणार नाही, नव्या स्पीकरबद्दल पडद्यावर विचारलं जाईल. बदल मीच लिहिला. मामाला सांगायला फोन केला तेव्हा मामीने तो त्याच्या कानाला लावला. माझं सांगून झाल्यावर फोन परत घेऊन ती म्हणाली, "मान हलवतोय. आणि विचारतोय, जेवलीस काय."

नंतर तक्रारी आल्याच. एकाने रागाने लिहिलं, इतकी वर्षं हेडफोन लावला की चालत होता, आता मला विचारत काय बसता, हे शहाणपण कुणाचं? मी त्याला सेटिंग कुठे आहे ते नीट समजावून सांगितलं, त्रास झाला त्याबद्दल माफी मागितली. शहाणपण कुणाचं, तेवढं लिहिलं नाही.